मुलांची मुखत्यारी

मुलाने काय खावे, कोणता सदरा घालावा, संध्याकाळी कोणता खेळ खेळावा, या नित्याच्या गोष्टी त्याच्या त्यानेच ठरवाव्यात की वडील माणसांनी ठरवून द्याव्यात, हा प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु त्याच्या पोटात स्वातंत्र्याची सगळी मीमांसा साठविलेली आहे. मिलने स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात (१८५९) व्यक्तीच्या मुखत्यारीचा जोरदार पुरस्कार केला. परंतु अज्ञान मुलांस त्याने त्या तत्त्वातून आरंभीच वगळले. तत्त्ववेत्त्यास असे वगळून पुढे जाता येते, आईबापांस येत नाही. त्यांस रोज सकाळी काही ना काही निकाल द्यावाच लागतो. म्हणून या प्रश्नाचा विचार करताना संगोपनाचे प्रत्यक्ष प्रसंग ज्यांत रंगविले आहेत असे ग्रंथ अधिक उपयोगी पडतील. रूसोचे ‘एमिल’ (१७६२), स्पेन्सरचे शिक्षणावरील पुस्तक (१८६१) आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) असे तीन ग्रंथ येथे परीक्षणासाठी घेतले आहेत. पहिला निम्मा प्रबंध व निम्मी कादंबरी, दुसरा शुद्ध निबंध, तिसरा आठवणींच्या रूपाने सांगितलेली कथा, असा त्यांच्या जातींत भेद असला, तरी मुलाच्या इच्छेचे काय करावयाचे हा प्रश्न तिघांपुढेही एकच आहे.

मुलास आज्ञा करू नये, त्यास वस्तुस्थितीच्या शाळेत शिकू द्यावे, असे सांगणारा पहिला मोठा ग्रंथकार म्हणून रूसोची ख्याती आहे, आणि ती अयथार्थ नाही. पण त्याच्या ग्रंथातील प्रसंग बारकाईने वाचले, तर निराळाच प्रकार आढळतो. एका हट्टी मुलाची हकीकत रूसो सांगतो. त्यास एकट्याने बाहेर फिरावयास जाण्याची लहर येते व गुरू त्यास जाऊ देतो. वाटेत शेजारीपाजारी त्याची टर उडवितात, रस्त्यातील लोक टोमणे मारतात, आणि मुलगा ओशाळून परत येतो. परंतु त्या शेजाऱ्यांस गुरूने आधीच पढवून ठेविले होते, आणि एक स्नेही मुलाच्या मागोमाग त्याच्या नकळत चालत होता! मुलाने घेतलेला निर्णय खरा. त्याचे फळ मात्र बेतलेले. आपणच धनी आहोत असे मुलास सदैव वाटू द्यावे, पण धनीपण गुरूने आपल्याच हाती राखावे, हे रूसो उघडपणे शिकवितो. ज्या दिवशी मुलास हा डाव कळेल, त्या दिवशी त्याचा विश्वास गुरूवरूनच नव्हे, स्वतःच्या निर्णयावरूनही उडेल. आज्ञेविरुद्ध बंड तरी करता येते. ज्यास बंधन दिसतच नाही, त्याने बंड कोणाविरुद्ध करावे?

स्पेन्सर या बाबतीत अधिक सचोटीचा आहे. फिरावयास निघण्याच्या वेळी जी मुलगी कधीच तयार नसते, तिला घरी ठेवून इतरांनी निघून जावे. ज्याने चाकू हरविला, त्याने काही काळ चाकूवाचून राहावे. ज्याने खेळणी पसरली, त्याने ती उचलावी, असे त्याचे सांगणे आहे. येथे फळ कर्मातूनच निपजते, कोणी पडद्याआडून ते पेरीत नाही. वस्तऱ्याशी खेळणाऱ्या तीन वर्षांच्या पोरास या न्यायाने शिकू देता येणार नाही, हेही तो कबूल करतो. तथापि त्याच्या विवेचनात एक उणीव राहतेच. सगळीच फळे तत्काळ मिळत नाहीत. आज टाळलेला अभ्यास किंवा आज नाकारलेला व्यायाम यांचे फळ दहा वर्षांनी पदरी पडते. त्या अवधीत निसर्ग मुलास काहीच सांगत नाही. तेथे कोणीतरी माणसाने बोलावेच लागते.

असे बोलणारे माणूस ‘श्यामची आई’मध्ये भेटते. हे पुस्तक केवळ मातृभक्तीचे म्हणून वाचण्याची आपणांस सवय लागली आहे; त्यामुळे त्यातील आईची निर्णयपद्धती बहुधा दुर्लक्षित राहते. स्नान झाल्यावर ओल्या पायांस माती लागेल म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो की आईने आपले लुगडे धोंड्यावर पसरावे. आई ते पसरते. मुलाची लहर तिने मानली, आणि मनासही मळ लागू नये म्हणून असेच जप, एवढेच वर सांगितले. तीच आई, श्याम पोहण्याच्या भीतीने लपून बसला असता त्यास शोधून मारते, आणि त्याच्या रडण्याकडे न पाहता पोहावयास धाडते. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, हे कारणही ती नंतर त्यास सांगते. त्या माराचे समर्थन आज कोणी करू नये, आणि प्रस्तुत लेखकही करीत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. पाय कोठे ठेवावयाचा हे मुलाने ठरविले व पोहावयास शिकावयाचे हे आईने ठरविले, आणि कोणता निर्णय कोणाचा याविषयी दोघांच्याही मनात तिळमात्र संदेह नव्हता. रूसोच्या गुरूपाशी नसलेला हा उघडेपणा कोकणातील एका दरिद्री घरातल्या आईपाशी आहे.

या तुलनेतून निष्पन्न होणारे मत थोडक्यात असे. मुलाच्या मुखत्यारीची सीमा लहान असली तरी चालेल, परंतु ती उघड आखलेली असावी. आणि सीमेच्या आत मुलाचा शब्द अखेरचा मानावा. दोन भाज्यांतून एक निवड म्हणावयाचे आणि त्याने निवडल्यावर ‘दुसरीच पौष्टिक’ म्हणून ती ताटात वाढावयाची, ही निवड नव्हे, थट्टा आहे. खाऊचे पैसे त्यास दिले, त्याने ते सगळे पतंगांवर उधळले, तर दुसऱ्या दिवशी त्यास रिकाम्या हाताने राहू द्यावे. रागावू नये, आणि दया येऊन पुन्हा पैसेही देऊ नयेत. सीमेबाहेरच्या गोष्टीत मात्र वडिलांनी स्पष्ट आज्ञा करावी व कारण सांगावे. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या १९८९ च्या करारातही, मुलाचे मत ऐकून त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने त्यास वजन द्यावे, असे म्हटले आहे. मत ऐकणे आणि निर्णय सोपविणे यांतील भेद तेथेही राखलेला आहे.

हा भेद आपल्या सुशिक्षित घरांतून पुसट होत चालला आहे, ही खरी काळजीची बाब होय. चार वर्षांच्या मुलास सदऱ्याचा रंग अगत्याने विचारणारे पालक दहावीनंतरची शाखा मात्र परस्पर ठरवून मोकळे होतात, आणि वर ‘त्याचीच आवड’ म्हणून सांगतात. वय वाढेल तशी मुखत्यारी वाढावी, तर येथे ती घटते! दुसरीकडे मोबाइलच्या पडद्यावर मूल बोटाने पुढचे चित्र निवडते आणि घरच्यांस ते स्वतंत्र झाल्यासारखे वाटते. वस्तुतः त्यास अधिक वेळ खिळवून ठेवण्याच्या हिशेबाने यंत्राने ती चित्रे आधीच वेचून त्याच्यापुढे मांडलेली असतात. रूसोने पढविलेले शेजारी निदान त्या मुलाच्या हितासाठी उभे होते. या नव्या शेजाऱ्यांविषयी तेवढेही म्हणता येत नाही. म्हणून आपल्या मुलास स्वातंत्र्य दिले असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक पालकाने स्वतःस एवढेच विचारावे, की त्याने माझ्या मनाविरुद्ध निवड केली, तर ती मी राहू देईन काय? याचे उत्तर नकारार्थी असेल, तर निवडीचे सोंग न करता सरळ आज्ञा करावी. मुलाचा त्यात कमी अपमान आहे.