पटकथेचे नामकरण

बारशाला मुलाचे नाव आत्याने ठेवावे, अशी आपली रीत आहे; परंतु न विकल्या गेलेल्या पटकथेस आत्या नसते. नाटक रंगभूमीवर आले म्हणजे नटांची कीर्ती त्याच्या मदतीस धावते. पटकथा मात्र निर्मात्याच्या मेजावर एकटीच पडलेली असते, आणि तिची रदबदली करणारे काय ते पहिल्या पानावरील दोन-तीन शब्दच.

वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या एका तरुण लेखकाने आपली पटकथा नुकतीच आम्हांस अभिप्रायार्थ दिली. दोन भावांच्या शेतांमधील धुऱ्यावरून पेटलेला कलह हा तिचा विषय. वऱ्हाडी संवाद चोख आहेत. थोरल्या भावाचे चित्र तर मनात घर करते. असे असता ती तीन ठिकाणांहून परत आली, आणि परत आलेल्या प्रतींची पहिली चार पाने सोडता बाकीची करकरीत कोरी होती. पटकथेचे नाव होते 'संघर्ष मालेगावचा'.

आमच्या मते दोष या नावाचा आहे. 'संघर्ष' हा शब्द शंभर कथांना लागू पडतो, म्हणून तो एकीचाही होत नाही. 'मालेगाव' म्हटले की चित्रपटव्यवसायाला आठवते ते नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. तेथील हौशी चित्रपटकारांवर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला व २०२४ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट. त्या आठवणीने पान उलटणाऱ्यास येथे वऱ्हाडातील शेत भेटते, आणि तो पटकथा मिटून टाकतो.

मग नाव कसे असावे? ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली जो चित्रपट काढला, त्याचे नाव 'कुंकू'. कादंबरीच्या नावात अभिप्राय आहे; चित्रपटाच्या नावात वस्तू आहे. जो विवाह नायिकेस मान्य नाही, त्याचेच चिन्ह हे नाव डोळ्यांपुढे उभे करते. हिंदी आवृत्तीचे 'दुनिया न माने' हे नाव पुन्हा अभिप्रायाकडे वळले, आणि आम्हांस ते उणे वाटते.

याच न्यायाने या पटकथेचे नाव 'धुरा' असावे. पुण्या-मुंबईकडे शेताच्या बांधास कोणी धुरा म्हणत नाही, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु 'फँड्री' हा कैकाडी शब्दही बहुतेकांस अपरिचितच होता. २०१३ सालच्या त्या चित्रपटाचे त्यावाचून काही अडले नाही. शिवाय इतरत्र धुरा म्हणजे अंगावर घेतलेला भार, आणि थोरल्या भावाने घराचा भार वाहिलेलाच आहे.

चांगले नाव कोणी पळवील, ही लेखकाची भीती राहिली. ती निराधार नाही. लेखकांच्या संघटनेकडे कथासारांश नोंदलेला असूनही केवळ शीर्षकावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'देसी बॉईज' प्रकरणी दिला. तेव्हा नावाचे रक्षण कायदा करणार नाही. ते कथेनेच केले पाहिजे. 'संघर्ष' कोणीही उचलून नेईल. 'धुरा' नेणाऱ्यास मात्र त्याच्या दोन्ही बाजूंची शेते आणि ते दोन भाऊही न्यावे लागतील, आणि तेथे कायदा लेखकाच्या बाजूने उभा राहील. आमच्या तरुण मित्राने पहिले पान बदलून प्रत पुन्हा पाठवावी.