नाखवा आणि नाखुदा

झरी जामणी तालुक्याला समुद्र नाही. सीमेवर पैनगंगा आहे आणि पलीकडे तेलंगणा. तरीही उर्दू माध्यमाच्या वर्गात गझल शिकवताना समुद्र येतोच. किश्ती, तूफान, साहिल आणि नाखुदा. मुले अर्थ पाठ करतात : नाखुदा म्हणजे जहाजाचा प्रमुख. कोळीगीतातला ‘नाखवा’ हाच तो नाखुदा, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. फारसीतून आलेला हा शब्द गझलेत प्रतीक झाला, कोळीगीतात माणूस राहिला. आपण सांगतो त्या इतिहासात मात्र त्याला जागा उरली नाही.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या मुलांना घेऊन मी जंजिरा पाहायला गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यावर जाताना होडीवालाच इतिहास सांगत होता. बावीस एकर, बावीस बुरूज, बावीस वर्षे बांधकाम. सांगण्यात ताल होता, मुले रंगली. आता बुरुजांचा आकडा कुठे १९, कुठे २२, तर कुठे २६ छापलेला आढळतो. तरी मी त्या होडीवाल्याला दोष देणार नाही. त्याच्या हाती मराठीतला तपासलेला मजकूर आपण कधी दिला? १८८३ चे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर इंग्रजीत, आणि बी. के. आपटे यांचा मराठा आरमारावरचा १९७३ चा ग्रंथही इंग्रजीतच.

खरी अडचण आकड्यांची नव्हती. परतीच्या वाटेवर एका मुलाने हळूच विचारले, “सर, मग आपण कुणाच्या बाजूचे?” सिद्दी विरुद्ध मराठे ही कथा ऐकता ऐकता त्याच्या मनात मुसलमान विरुद्ध हिंदू झाली होती.

उत्तर देण्यासाठी मी त्याला खांदेरीची लढाई सांगितली. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजे पाठवून विरोध केला, सिद्दीचे आरमारही त्यांच्या बाजूने आले. महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व दौलतखान आणि मायनाक भंडारी करत होते. १६८० च्या जानेवारीत सिद्दी कासमने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली. दौलतखान मराठ्यांचा, सिद्दी कासम मोगलांचा. लढाई समुद्रावरच्या सत्तेची होती, धर्माची नव्हती.

पण इथे आपल्याच लेखनाकडेही बोट दाखवावे लागते. व्यासपीठावर, लेखांत आपण दौलतखानाचे नाव वारंवार घेतो ते रहिवासी दाखल्यासारखे. आरोप झाला की खिशातून काढायचे, काम झाले की परत ठेवायचे. हा माणूस दर्या कसा वाचत होता, हे आपण विचारत नाही. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागे. त्याच्या हलक्या होड्या वल्ह्यांच्या बळावर त्यांना चुकवून बेटावर सामान पोहोचवत. हे कसब शिकवण्याजोगे आहे. त्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. केवळ सरदारांची यादी वाचणारा मुलगा पुन्हा ‘बाजू’च शोधत राहील.

२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. आता तिथे लोक येतील, फलक लागतील, पुस्तिका निघतील. त्यांत काय लिहिले जाईल, याची काळजी आजच करायला हवी. बंदर, खलाशी, सारंग, मोसम हे मराठीत रुजलेले अरबी-फारसी शब्द हाही त्या वारशाचाच ऐवज आहे. कोकणातल्या आपल्या बांधवांच्या घरी जहाजावरच्या नोकरीची जुनी नोंदपुस्तके, पत्रे, छायाचित्रे पेटीत पडून असतील. ती वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यावीत. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. ऐकीव ते ऐकीव म्हणून नोंदवावे. आणि हे मराठीत लिहावे, कारण ते शेजाऱ्यानेही वाचायचे आहे.

आम्ही विदर्भातले लोकही यातून सुटत नाही. आमच्या यवतमाळचा कापूस रेल्वेने मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून विलायतेला. तो जहाजात चढवणारे खलाशी कोण होते, हा प्रश्न आता मी वर्गात विचारतो. उत्तर अजून कुणाला आलेले नाही. पण त्या दिवसापासून मुले नाखुदाचा अर्थ नुसता पाठ करत नाहीत.