कुंद्यावरील खुणा

१३ सप्टेंबर १९४८ रोजी नळदुर्ग येथे भारतीय व निजामी सैन्यांची झुंज झाली. त्या काळी लष्करात रूढ असलेल्या ली-एन्फील्ड बंदुकांचे जुने कुंदे नवे करू पाहणारा हौशी मनुष्य प्रथम काचकागद घेतो. या हौसेस जीर्णोद्धार कसे म्हणावे? मळाबरोबर कारखान्याचे ठसे व पलटणीच्या खुणाही जातात. लाकूड लोखंडाच्या पातळीखाली उतरते, ते पुनः भरून येत नाही. पोथीचा संपादक पाठ शुद्ध करितो, पान खरवडीत नाही. मऊ फडक्याने मळ पुसावा, मराठवाड्यातही पिकणाऱ्या जवसाचे थोडे तेल हाताने मुरवावे, आणि थांबावे. खुणा पुसणारी दुरुस्ती मूळ वस्तूसच खोटी ठरविते.