साहचर्याचा अर्थ : चंदावरकरांची योजना आणि घोडपदेवचा प्रश्न

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अमलात आल्यापासून आपल्या विद्यापीठांच्या कारभारात ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ ही पदावली रूढ झाली आहे. तीतील ‘साहचर्य’ हा शब्द उद्योगधंद्यांशी जोडावयाच्या संबंधांसाठी योजिला जातो. भाषेच्या अभ्यासकाला हा शब्द जुन्या ओळखीचा आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करण्याची जी साधने भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त गणिली आहेत, त्यांत साहचर्य हे एक होय. ‘राम’ हा शब्द लक्ष्मणाच्या जोडीने आला की दाशरथी राम समजावयाचा, हे परंपरेने दिलेले त्याचे उदाहरण. सोबत्यावरून अर्थ ठरतो, हे त्यातील तत्त्व. तेच संस्थांना लावून पाहावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. विद्यापीठ कोणाला सोबती म्हणून निवडते, यावरून ‘उद्योग’ या शब्दाचा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ उघड होतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. ताडदेवची पहिली सूतगिरणी त्याच्या एक वर्ष आधी चालू झाली होती. दोघांचा संबंध दीर्घकाळ देणगीपुरताच होता. कापसाच्या व्यापारात संपत्ती मिळविलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाला ग्रंथालय व राजाबाई मनोरा लाभला. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. परंतु त्यामुळे अभ्यासक्रमात काही पालट झाला नाही. देणगी आणि भागीदारी यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. देणगीने वास्तू उभी राहते. भागीदारी काय शिकवावे या प्रश्नाला हात घालते.

हा प्रश्न सर विठ्ठल चंदावरकर यांच्या कुलगुरुपदाच्या काळात (१९३३–३९) ऐरणीवर आला. चंदावरकर स्वतः गिरणीधंद्यातले; मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. १ ऑक्टोबर १९३३ रोजी विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आरंभीचे विषय दोनच होते : वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. जपानी कापडाच्या स्पर्धेने गिरण्या त्या वेळी हैराण होत्या आणि कृत्रिम रंगांसाठी परदेशांवर अवलंबून होत्या. विषयांची ही निवड गिरण्यांच्या गरजेशी जुळणारी होती, हे उघड आहे.

या योजनेचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. विभाग गिरण्यांचा नव्हता, विद्यापीठाचा होता. पदवीही विद्यापीठाचीच होती. १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांनी जागतिक मान्यता मिळविली. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला स्वतःच्या जागेत गेला. पुढे औषधे, तेले, खाद्यपदार्थ अशा शाखा वाढत गेल्या. म्हणूनच, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तरी विभाग टिकला. २००८ मध्ये तर त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भागीदार नाहीसा झाला, विद्या राहिली. शहाण्या भागीदारीचे याहून मोठे प्रमाण कोणते?

तथापि या यशातच योजनेची मर्यादा दडलेली आहे. माटुंग्याहून काही मैलांवर, भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्या मध्ये घोडपदेव वसले आहे. गिरण्या आणि त्यांच्या भोवतीच्या चाळी यांनी ही वस्ती घडविली. येथील बोलीत ‘साचा’ म्हणजे माग, ‘खाते’ म्हणजे गिरणीचा विभाग. कचेरीत ‘बदली’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेमणूक. गिरणीच्या दारात मात्र ‘बदली’ म्हणजे कायम नोकरी नसलेला, गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा कामगार. शब्द एकच, सोबत वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. विद्यापीठाचा विभाग रंगखात्याला ओळखत होता; त्या खात्यात उभा असलेला माणूस त्याच्या योजनेत नव्हता. विज्ञानाच्या पदवीधरांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमात त्याला विद्यार्थी म्हणून जागा नव्हती. जाणकार म्हणून त्याचे ऐकावे, अशीही तरतूद त्या आराखड्यात दिसत नाही. ‘स्थानिक उद्योग’ या पदाचा अर्थ मालक, यंत्र आणि प्रक्रिया एवढ्यातच आटोपला.

यावर असा आक्षेप घेता येईल की कामगाराचे शिक्षण हे विद्यापीठाचे कार्यच नव्हे. त्यासाठी व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती, आणि १९२३ मध्ये माटुंग्याला जाईपर्यंत ती भायखळ्यातच होती. आक्षेप निराधार नाही. पण येथे मुद्दा कामगाराला शिकविण्याचा नसून त्याच्याकडून शिकण्याचा आहे. हात आणि नजर यांत साठलेले ज्ञान हेही उद्योगाचेच भांडवल असते. ते ज्याच्यापाशी आहे त्याला वगळून केलेली भागीदारी अर्ध्या उद्योगाशीच होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा विद्येला नव्या शाखांचा आश्रय मिळाला. बदली कामगाराला तसा आश्रय नव्हता. घोडपदेवच्या न्यू हिंद गिरणीच्या जागेवर पुढे म्हाडाने गिरणीकामगारांसाठी घरे बांधली. घर मिळाले, हातचे कसब मात्र कोणत्याही विभागाने नोंदवून घेतले नाही, तर ते त्या घरांतच संपेल.

आज साहचर्याचे करार करणाऱ्या कुलगुरूंनी चंदावरकरांकडून एक गोष्ट घ्यावी आणि एक सुधारून घ्यावी. अभ्यासक्रम व पदवी यांवरील सत्ता विद्यापीठाकडेच ठेवावी, ही घेण्याची गोष्ट. करारात सोबती म्हणून कोणाचे नाव लिहावयाचे, हा सुधारणेचा भाग. संशोधनाचा प्रश्न कोण मांडतो, त्याचे फळ कोणत्या भाषेत परत जाते आणि उद्या कारखाना बंद पडला तर वस्तीत काय उरते, हे तीन प्रश्न प्रत्येक करारापुढे ठेवावेत. चंदावरकरांच्या योजनेने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठापुरते उत्तम दिले. घोडपदेवपुरते ते आपल्याला अद्याप द्यावयाचे आहे.