ग्रंथालय सेवकांमधील ज्ञानाची देवाणघेवाण : एक चिकित्सा

माणसाच्या अनुभवात दडलेले ज्ञान शब्दबद्ध झाले, की ते संस्थेचे होते, असा विचार नोनाका व ताकेउची यांनी १९९५ मध्ये जपानी कंपन्यांच्या अभ्यासातून मांडला. ग्रंथालयशास्त्राने तो स्वीकारला. परंतु तो लागू करताना सारा भर संगणकप्रणालीवर दिला जातो. हे विवेचन अपुरे आहे.

कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ (१९४२) हा संग्रह टोपणनावाने आहे, तर ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकर या नावाने. दोघे एकच, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. मिर्झा असदुल्ला खान म्हणजे गालिब, हे उर्दू वाचकालाही सांगावे लागत नाही. मात्र नोंद करणाऱ्यास ती भाषा अवगत नसेल, तर एकाच लेखकाची पुस्तके तालिकेत दोन ठिकाणी विखुरतात. ड्युई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे, तर उर्दूचा ८९१.४३९ हा अंक हिंदीच्या ८९१.४३ च्या पोटात येतो. हे ठाऊक नसलेला सेवक उर्दू पुस्तक कोठे शोधणार? प्रणाली दोन नावे जोडू शकते, परंतु ती एकाच व्यक्तीची आहेत हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौसर भागात, सावरगावसारख्या गावांत, घरची भाषा मराठी आणि कारभाराची हिंदी. अशा भागातील ग्रंथालयात उर्दूचेही कपाट असेल, तर तिन्ही भाषांची जाण एकाच सेवकाकडून अपेक्षिणे योग्य नाही. तेथे देवाणघेवाण हीच सोय.

याबाबत बडोद्याचे उदाहरण बोधप्रद आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डेन यांना पाचारण केले. सेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. ज्ञान सेवकाच्या भाषेत पोहोचले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

आपल्याकडे अडथळा यंत्राचा कमी, श्रेणीचा अधिक आहे. कपाटे रोज हाताळणाऱ्या परिचराला बरेच ठाऊक असते. पण त्याला विचारण्याची पद्धत नाही, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञानही जाते. आठवड्यातून अर्धा तास ग्रंथपाल, परिचर व भाषाशिक्षक एकत्र बसले, शंका एका वहीत लिहिल्या आणि त्यांतून ‘पाहा’ नोंदी तयार केल्या, तर खर्चाविना बरेच साधेल. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेले सूत्र आहे. पुस्तक कपाटात असूनही विद्यार्थी रिकाम्या हाताने परतत असेल, तर त्याची जबाबदारी भाषाशिक्षकांनाही टाळता येणार नाही.