प्रयोगातील निर्णय : जॅझ, फंक, सोल आणि आपले ऐकणे

‘प्रत्यक्ष ऐकण्याची सर ध्वनिमुद्रणाला नाही’ हे विधान मराठी संगीतविषयक लेखनात इतक्या वेळा येते की त्याला सिद्धान्ताची प्रतिष्ठा मिळाली आहे. ज्या पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो, तेथे तर ते विधान तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. ही सर नेमकी कशाची, असे विचारले की ‘जिवंतपणा’, ‘उत्स्फूर्तता’, ‘वातावरण’ असे शब्द पुढे येतात. ते अनुभवाचे वर्णन करतात, मीमांसा करीत नाहीत. शिवाय प्रत्येक कलावंत प्रत्यक्ष ऐकण्याच्या योग्यतेचा असतोच असे नाही; काहींची ध्वनिमुद्रिका पुरेशी असते. हा भेद कशाने पडतो? उत्तर शोधण्यासाठी येथे आपल्या परंपरेबाहेरचे, जॅझ, फंक व सोल हे आफ्रिकी-अमेरिकी प्रकार घेतले आहेत. उत्स्फूर्ततेचे प्रमाण या तिघांत सारखे नसल्यामुळे ‘उत्स्फूर्तता’ हे उत्तर त्यांच्यावर पारखून घेता येते.

जॅझ आणि ख्याल यांचे साम्य आता शिळे झाले आहे. दोहोंत रचना तुटपुंजी आणि विस्तार अफाट, हे खरे. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘सॅक्सोफोन कलॉसस’ (१९५६) या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ब्लू सेव्हन’ या वादनाचे गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये सविस्तर विश्लेषण केले आणि एका छोट्या स्वरबीजातून संपूर्ण विस्तार कसा उलगडतो हे दाखवून दिले. जॅझसमीक्षेतील तो एक मानदंड ठरला. खुद्द रोलिन्स मात्र त्या लेखाने अवघडून गेले. हा कलावंताचा लहरीपणा मानून सोडून देता येणार नाही. शुलर यांच्यापुढे वादन पूर्ण झालेले होते. शेवट ठाऊक असल्यामुळे त्यांना प्रत्येक स्वर त्या शेवटाकडे जाताना दिसला. म्हणजे त्यांनी प्रयोगाची संहिता केली. वाजविणाऱ्याजवळ तो शेवट नव्हता. १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिल्या ‘जॅझ यात्रे’त रोलिन्स यांना ऐकणाऱ्या श्रोत्याजवळही तो नव्हता. पुढचा स्वर ठरायचा आहे आणि तो आपल्यादेखत ठरतो आहे, ही ती स्थिती.

मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयविचाराची अडचणही मला येथेच जाणवते. समतोल साधला की नाही हे पूर्ण कृतीकडे पाहूनच कळते. ज्या क्षणी तो ढळण्याची शक्यता शाबूत आहे, त्या क्षणाच्या प्रत्ययाला या विचारात जागा सापडत नाही.

मग ही सगळी थोरवी उत्स्फूर्ततेचीच का? फंककडे वळल्यावर तसे म्हणता येत नाही. जेम्स ब्राउन यांच्या ‘कोल्ड स्वेट’ (१९६७) सारख्या गीतात प्रत्येक वाद्याचा तुकडा ठरलेला असतो आणि तो अविरत फिरत राहतो. सारा भर पहिल्या मात्रेवर, ज्याला ते ‘द वन’ म्हणत. आपल्याला लगेच सम आठवते, पण घाई करू नये. ख्यालात सम हे गाठायचे स्थान आहे, आवर्तनभर तिची ओढ असते. फंकमध्ये पहिली मात्रा ढकलून देते, पुढचे सगळे त्या धक्क्यावर चालते. या व्यवस्थेत वादकाला स्वातंत्र्य जवळजवळ नाहीच. चूक झाली की ब्राउन रंगमंचावरच बोटांच्या खुणेने दंड ठोठावीत, हे त्यांच्या वादकांनीच सांगितले आहे. तरीही ते प्रत्यक्ष ऐकण्याजोगे होते, कारण फिरणारा तुकडा किती वेळ फिरायचा, केव्हा मोडायचा, मेसिओ पार्कर यांना नावाने हाक मारून सॅक्सोफोन केव्हा पुढे आणायचा, हे त्या घटकेला ठरे. स्वर ठरलेले, अवधी अनिश्चित. सगळा वाद्यवृंद एका माणसाच्या खांद्याच्या हालचालीकडे डोळे लावून बसलेला असे आणि श्रोताही.

तेव्हा कसोटी उत्स्फूर्ततेची नसून निर्णयाची आहे, असे मी म्हणेन. तो समोर घेतला गेला पाहिजे, चुकण्याची शक्यता असली पाहिजे आणि त्यावर इतरांचे काही अवलंबून असले पाहिजे. या कसोटीवर आपल्याकडची पुष्कळशी ‘तयारी’ टिकणार नाही. घोटून आणलेली तान उत्स्फूर्ततेचा वेष घेते, सवाल-जवाबाचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि मंडपात टाळ्या नेमक्या तेथेच पडतात. अशा गायनाची ध्वनिमुद्रिका घरी ऐकल्याने श्रोत्याचे काहीही बुडत नाही.

सोलमध्ये निर्णयाचा काही भाग श्रोत्यांकडे जातो. चर्चमधील साद-प्रतिसादाचा वारसा त्यामागे आहे. ‘अपोलो’ नाट्यगृहात २४ ऑक्टोबर १९६२ रोजी झालेला आपला कार्यक्रम जेम्स ब्राउन यांनी स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रित करविला, कारण कंपनीच्या मालकाला त्यात अर्थ दिसत नव्हता. त्यातील ‘लॉस्ट समवन’ दहा मिनिटांहून अधिक चालते. प्रेक्षागृहातून किंकाळी येते, ब्राउन थांबतात, तीच ओळ पुन्हा घेतात. गीताची लांबी दोघे मिळून ठरवितात. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या विवेचनाची खरी निकड आपल्या घरातच आहे. मुंबईच्या हॉटेलांत तिसाव्या-चाळिसाव्या दशकांपासून जॅझ वाजविणाऱ्या गोमंतकीयांची एक मोठी पिढी होऊन गेली. ट्रम्पेटवादक चिक चॉकोलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, त्यांतले अग्रणी. आज ते बहुतेकांना भेटतात ते सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधून, म्हणजे दुसऱ्याच्या रचनेत, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत. ताजमहाल हॉटेलातील एखाद्या रात्री एकच धून ते किती लांबवीत, नाचणाऱ्यांची पावले पाहून काय बदलीत, हा त्यांच्या कलेचा गाभा. तबकडीच्या मापात तो मावणाराच नव्हता. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) मध्ये या जगाचा इतिहास मांडला. मराठी समीक्षेने मात्र चित्रपटसंगीताविषयी लिहिताना संगीतकाराचे नाव हीच संहिता मानली आणि वाजविणाऱ्यांना ‘साथीदार’ या सदरात टाकले.

लॉर्ना कोर्देरो यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. ख्रिस पेरी यांच्या कोंकणी रचना त्यांनी गायिल्या. जॅझचा वाद्यमेळ आणि सोलचा आर्त, खरखरीत गळा त्यांत एकत्र आला. पुढे त्या अनेक वर्षे गाण्यापासून दूर राहिल्या. त्या काळात तबकड्या घरोघर वाजतच होत्या, एकही स्वर हरवला नव्हता. ध्वनिमुद्रण पुरेसे असते, तर १९९५ मध्ये त्या गोव्यात पुन्हा रंगमंचावर आल्या तेव्हा ज्यांना गाणी तोंडपाठ होती त्यांनीच तेथे गर्दी करण्याचे कारण नव्हते. गीत तेच, शब्द तेच. तो आवाज आता वरच्या स्वराला भिडेल की तेथून मागे वळेल, एवढेच ठरायचे राहिले होते.