शत्रूच्या हवाईबळाचे मोजमाप : १९४० मधील दोन अनुमाने

युद्धकालीन गुप्तवार्ता-अहवालाचे परीक्षण करताना त्यातील विधानांइतकेच त्यातील मौनही लक्षात घ्यावे लागते. जर्मन हवाईदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख योसेफ श्मिड यांनी १६ जुलै १९४० रोजी ब्रिटिश हवाईदलासंबंधी सादर केलेला अहवाल या दृष्टीने उद्बोधक आहे.

ब्रिटनमध्ये दरमहा १८० ते ३०० लढाऊ विमाने तयार होतात, असे त्यात म्हटले होते. वस्तुतः त्या जुलैत सुमारे ४९० विमाने तयार झाली. परंतु अहवालाचा मुख्य दोष आकड्यांत नाही. रडार व त्यावर आधारलेली नियंत्रणव्यवस्था यांचा त्यात उल्लेखच नाही. ब्रिटिश किनाऱ्यावरील उंच मनोरे जर्मनांना अपरिचित नव्हते. १९३९ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज त्यांचाच शोध घेण्यासाठी पाठविण्यात आले होते. अहवालात विमाने, वैमानिक व कारखाने यांची गणना आहे. त्यांना एकत्र गुंफणारे सूत्र मात्र नाही. उलट, ब्रिटिश पथके आपापल्या तळांना जखडलेली आहेत, असा निष्कर्ष त्यात काढला आहे.

ब्रिटिशांचे अनुमानही सदोष होते. वायुमंत्रालयाने जर्मन बळ वास्तवाहून अधिक मानले होते. १५ सप्टेंबर १९४० रोजी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ती सुमारे ६० होती. तेव्हा एक पक्ष डोळस व दुसरा अंध, ही रूढ मांडणी टिकत नाही.

खरा भेद चुकीच्या फेरतपासणीत आहे. वायुमंत्रालयाच्या आकड्यांवर लिंडेमान यांनी आक्षेप घेतले, तेव्हा चर्चिल यांनी डिसेंबर १९४० मध्ये न्यायमूर्ती सिंगलटन यांच्याकडे चौकशी सोपविली. जर्मन व ब्रिटिश हवाईबळाचे प्रमाण साधारणतः चारास तीन आहे, असा निर्णय त्यांनी जानेवारी १९४१ मध्ये दिला. जर्मनीत अशा त्रयस्थाला स्थान नव्हते. ब्रिटिशांजवळ थोडीच विमाने उरली आहेत, हे गृहीत ऑगस्टमधील दैनंदिन प्रतिकारानेही ढळले नाही. ७ सप्टेंबरला लंडनवर वळलेल्या हल्ल्यामागे बर्लिनवरील बॉम्बफेकीचा सूड होता हे खरे. तथापि उरलेली विमाने राजधानीच्या रक्षणार्थ वर येतील व नष्ट होतील, हा हिशेबही त्याच गृहीतावर उभा होता. परिणामी हवाईतळांना उसंत मिळाली.

अनुमान चुकणे युद्धात अटळ असते. परंतु जे अनुमान वरिष्ठांच्या इच्छेला पुष्टी देते आणि ज्याला प्रश्न विचारणारा कोणी नसतो, ते शत्रूपेक्षा स्वतःच्या सेनेलाच अधिक घातक ठरते.